मीटिंग रूमचा पासवर्ड कोणाकडे आहे?

'आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये टीव्ही आहे, कॅमेरा आहे, टेबलावर स्पीकरफोन आहे. कॉम्प्युटर तिथं नाहीच. मग हॅक होणार काय?' हा प्रश्न पतसंस्थांच्या व्यवस्थापकांपासून चाकण-भोसरीतल्या कारखानदारांपर्यंत अनेक जण विचारतात. काहींची शंका अगदी दुसऱ्या टोकाची असते: 'हे सगळं काढून साधा प्रोजेक्टर लावावा का?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की भिंतीवरचे इंटरॲक्टिव्ह पॅनेल आतून बहुधा अँड्रॉइडवर चालणारा संगणकच असतो. नेटवर्कला जोडलेला कॅमेरा, साउंडबार, वायरलेस शेअरिंगची डबी, दाराबाहेरचा बुकिंगचा छोटा पडदा, माइकचा आवाज सांभाळणारा प्रोसेसर, या प्रत्येकाला स्वतःचा आयपी पत्ता, स्वतःचे सॉफ्टवेअर आणि सेटिंग बदलण्यासाठी स्वतःचे लॉगिन असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: काही काढू नका, पण त्याला वाली द्या. लॅपटॉप कोणाच्या तरी नावावर असतो, नोकरी सोडताना तो सही करून परत घेतला जातो. मीटिंग रूमच्या सामानाची खरेदी ॲडमिन करते, बसवतो इंटिग्रेटर (यंत्रे जोडून देणारा कंत्राटदार), आयटी म्हणते 'ते एव्हीवाल्यांचं' (ऑडिओ-व्हिडिओवाल्यांचं), आणि ॲडमिनला वाटते की नेटवर्कची वायर आहे म्हणजे आयटी बघतच असेल. या तुझ्या-माझ्यात पासवर्ड राहतो तो बसवायला आलेल्या तंत्रज्ञाच्या मोबाइलमध्ये, आणि तो तंत्रज्ञ एव्हाना दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. कोणातरी एकाला त्या आपल्या म्हणाव्या लागतात.

आधी नाव ठरवा, मग यादी करा

आयटी आणि ॲडमिन यांपैकी एका व्यक्तीचे नाव लेखी ठरवा. 'दोघे मिळून बघतील' असे ठरले, तर कोणीच बघत नाही. त्या व्यक्तीने हातात टॉर्च घेऊन खोलीत जावे. टीव्हीच्या मागे, टेबलाखालच्या खणात, फॉल्स सीलिंगच्या वर आणि मुख्य म्हणजे रॅकमध्ये पाहावे.

रॅक उघडला की सहसा काय दिसते? अ‍ॅम्प्लिफायर, स्विच, गुंडाळून ठेवलेल्या केबल्स आणि त्यांच्या मागे एक छोटा घरगुती राउटर. बसवताना मोबाइलवरून सेटिंग करता यावे म्हणून तंत्रज्ञाने तो लावलेला असतो आणि जाताना काढायचा राहिलेला असतो. त्यावर कागदी टेपची पट्टी, पट्टीवर बॉलपेनने लिहिलेला वाय-फायचा पासवर्ड. हा राउटर तुमच्या ऑफिसच्या स्विचला जोडलेला असेल, तर पार्किंगमध्ये गाडीत बसलेल्या माणसालाही तुमच्या नेटवर्कमध्ये शिरायला तेवढी पट्टी पुरते. तो त्याच दिवशी काढा.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे एवढे लिहा:

- कंपनी, मॉडेल, सिरियल क्रमांक, आयपी पत्ता
- सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि शेवटचे अपडेट कधी झाले
- माइक किंवा कॅमेरा आहे का
- ॲडमिन पासवर्ड कोणाकोणाकडे आहे
- देखभालीचा करार कोणाशी आणि कधीपर्यंत

चौथ्या ओळीपुढे 'माहीत नाही' असे जिथे येईल, तिथून कामाला लागा.

पासवर्ड

२०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे आयपी कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांचाच वापर करून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्याच्याकडे कुठलीही अवघड विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांची यादी होती आणि ती तो एकेक करून लावून पाहत होता. तुमच्या कॅमेऱ्याचे लॉगिन अजून 'ॲडमिन-ॲडमिन' असेल, तर तो त्याच जातीच्या यादीत आहे.

कारखान्याचा पासवर्ड बदलणे ही झाली पहिली पायरी. त्यापुढचा खड्डा जास्त फसवा आहे. बरेच इंटिग्रेटर आपल्या सोयीसाठी सगळ्या ग्राहकांकडे एकच पासवर्ड ठेवतात. तो कंपनीच्या नावापुढे साल लावून बनवलेला असतो. मग एका ग्राहकाकडून फुटला की सगळ्यांचाच फुटला. म्हणून काम ताब्यात घेताना प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड तुमच्यासमोर घालून घ्या आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. लहान ऑफिसात मॅनेजर नसेल, तर बंद पाकिटात तिजोरीत ठेवला तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

काही वेळा दोष खुद्द उत्पादकाचाच असतो. एएमएक्स या कंपनीच्या मीटिंग रूम कंट्रोलरमध्ये एक छुपे खाते असल्याचे जानेवारी २०१६ मध्ये सुरक्षा संशोधकांनी जाहीर केले. वापरणाऱ्याला ते खाते यादीत दिसतच नव्हते. अशा गोष्टीवर तुमच्या हातात दोनच उपाय असतात: वेळेवर अपडेट आणि वेगळे नेटवर्क.

नेटवर्क किती वेगळे करायचे?

तत्त्व एवढेच, की मीटिंग रूममधले उपकरण हॅक झाले तरी तिथून अकाउंट्सचा सर्व्हर दिसता कामा नये. ऑफिसच्या आकाराप्रमाणे तीन पर्याय आहेत.

- दहा-पंधरा माणसांचे ऑफिस: राउटरमध्ये 'गेस्ट' नेटवर्कची सोय असते. पॅनेल, कॅमेरा वगैरे त्यावर टाका आणि टॅली किंवा फाइल सर्व्हर मुख्य नेटवर्कवर ठेवा. खर्च शून्य.
- मध्यम ऑफिस: मॅनेज्ड स्विच घेऊन एव्हीसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचे स्वतंत्र नेटवर्क, करा. त्यातून इंटरनेटकडे फक्त मीटिंग सेवेला लागणारी वाट उघडी ठेवा, ऑफिसच्या संगणकांकडे जाणारी बंद.
- मोठी कंपनी किंवा बँक: याशिवाय स्विचच्या प्रत्येक पोर्टवर उपकरणाची ओळख तपासणारी व्यवस्था हवी. म्हणजे टीव्हीची केबल काढून कोणी लॅपटॉप लावला, तर त्याला नेटवर्क मिळणार नाही.

व्हीलॅन केल्यावर दुसऱ्याच दिवशी तक्रार येते: 'माझा लॅपटॉप स्क्रीनवर दिसत नाही.' वायरलेस शेअरिंगला लॅपटॉप आणि पडदा सहसा एकाच नेटवर्कवर लागतात. मग वैतागलेला साहेब म्हणतो, 'होतं तसं करून टाका', आणि सगळे पूर्वपदावर येते. ते टाळण्यासाठी शेअरिंगला लागणारे तेवढेच पोर्ट दोन नेटवर्कमध्ये आधीच उघडून चाचणी घ्या आणि मगच बदल लागू करा.

टेबलाच्या मध्यातल्या झाकणाखाली एचडीएमआयच्या शेजारी एक लॅनचे छिद्रही असते, त्याकडे कोणाचे लक्ष नसते. आलेला पाहुणा तिथे केबल लावतो आणि थेट तुमच्या आतल्या नेटवर्कवर येतो. ते छिद्र गेस्ट नेटवर्कला जोडा, नाहीतर स्विचवरून बंद करा.

आणि एक मागणी ठामपणे नाकारा. 'घरबसल्या सपोर्ट देतो, तेवढं एक पोर्ट फॉरवर्ड करून द्या,' असे इंटिग्रेटर म्हणेल. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचे लॉगिन पान सगळ्या जगासाठी उघडे. दुरून सपोर्ट हवाच असेल, तर व्हीपीएनवरून, तुम्ही परवानगी दिल्यावर आणि तेवढ्या वेळेपुरता द्या. रूमच्या संगणकावर एनीडेस्कसारखे दुरून संगणक चालवणारे सॉफ्टवेअर कायम चालू ठेवून जाणे हाही त्याच मागणीचा दुसरा अवतार आहे.

वायरलेस शेअरिंग: सोयीची किंमत

२०१९ मध्ये टेनेबल या कंपनीच्या संशोधकांना वायरलेस प्रेझेंटेशनच्या एका यंत्रात असा दोष सापडला, की पासवर्ड न देताही बाहेरच्याला त्यावर हवे ते आदेश चालवता येत होते. शोध घेता तोच दोष क्रेस्ट्रॉन, बार्को, एक्स्ट्रॉन, शार्प, ऑप्टोमा, इन्फोकस अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांत निघाला, कारण वरची पाटी वेगळी असली तरी आतले सॉफ्टवेअर एकाच मुळाचे होते. तेव्हा महागडे नाव घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असे समजू नका. विक्रेत्याला विचारा: सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार आणि ते कुठे जाहीर होतात? लेखी उत्तर येत नसेल, तर पुढचे कोटेशन बघा.

शेअरिंगच्या यंत्रात एवढे करा:

- प्रत्येक वेळी बदलणारा पिन चालू करा. तो पडद्यावर दिसतो, म्हणून खोलीत असलेल्यालाच जोडता येते.
- यंत्राचा स्वतःचा वाय-फाय हॉटस्पॉट बंद करा. तो ठेवायचाच असेल, तर स्टिकरवरचा पासवर्ड बदला.
- ब्लूटूथ आणि मागचे यूएसबी पोर्ट वापरात नसतील, तर सेटिंगमधून बंद करा.

'मग केबलच बरी का?' पाहुण्यांसाठी, होय. साधी एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज नेते आणि बाहेरच्या माणसाला नेटवर्क द्यावे लागत नाही. यूएसबी-सीच्या एकाच केबलवर चार्जिंग, चित्र, कॅमेरा सगळे चालते ते सोयीचे खरे, पण त्या केबलमधून डेटाही जातो, हे ध्यानात ठेवून ती आपल्याच लॅपटॉपपुरती ठेवा.

कॅमेरा आणि माइक

जानेवारी २०१२ मध्ये रॅपिड७ या कंपनीचे एच. डी. मूर यांनी इंटरनेटवर उघडे पडलेले व्हिडिओ कॉन्फरन्सचे संच शोधून काढले. हजारो संच असे होते, की कॉल आला की ते आपोआप उचलत. खोलीत कोणाला पत्ता नाही आणि लांबचा माणूस बोर्डरूममधला कॅमेरा फिरवून, झूम करून पाहू शकत होता. सोय म्हणून दिलेल्या 'ऑटो आन्सर' या एका सेटिंगची ही करणी. ते सेटिंग आजही येते, म्हणून तपासा:

- ऑटो आन्सर बंद
- कॉल जोडताना माइक म्यूट
- समोरच्या पक्षाला आपला कॅमेरा फिरवण्याची परवानगी बंद
- बैठक नसताना कॅमेऱ्यावर झाकण, किंवा तो भिंतीकडे वळेल असे सेटिंग

झाकणाने डोळे झाकतात, माइकला मात्र झाकण नसते. पडद्यावरच्या म्यूटच्या चिन्हापेक्षा माइकची वीज किंवा जोडणीच तोडणारे बटण असलेला संच घ्या. पगार, खटला, कंपनी विकत घेणे असल्या बैठकांच्या आधी संचाची वीज चक्क भिंतीवरून बंद करा. यात मला कमीपणा वाटत नाही. दहा सेटिंगांपेक्षा एक स्विच भरवशाचा.

कॉर्डलेस माइक जुन्या ॲनालॉग पद्धतीचा असेल, तर त्याच फ्रीक्वेन्सीचा रिसीव्हर घेऊन शेजारच्या मजल्यावरही तो ऐकता येतो. संवेदनशील बैठकांसाठी कूटबद्ध आवाज पाठवणारा डिजिटल माइक घ्या, नाहीतर वायरचा. मोठ्या सभागृहांत नेटवर्कवरून आवाज नेणारी डांटेसारखी यंत्रणा असते. तिचा आवाज कूटबद्ध होतो आहे, असे गृहीत धरू नका. ते नेटवर्क कुलुपातल्या रॅकपुरते आणि इतरांपासून वेगळे ठेवा.

टेबलाच्या मध्यभागी ठेवायचे, चौफेर पाहणारे कॅमेरे अलीकडे लोकप्रिय आहेत. त्यांतल्या मीटिंग आऊल प्रो या यंत्रात मॉडझिरो या सुरक्षा कंपनीला २०२२ मध्ये गंभीर दोष सापडले. ब्लूटूथच्या टप्प्यात असलेला अनोळखी माणूस ते ताब्यात घेऊन ऑफिसच्या नेटवर्कचे चोरदार बनवू शकत होता. कंपनीने दुरुस्त्या दिल्या. पण कपाटात ठेवलेले, महिन्यातून एकदा बाहेर निघणारे यंत्र त्या दुरुस्त्या आपणहून घेत नाही. ते चालू करून जोडावे लागते.

रूमचे खाते आणि बैठकीची लिंक

टीम्स किंवा झूमच्या रूम संचाला स्वतःचे खाते असते. कर्मचाऱ्यांच्या खात्याला आपण मोबाइलवर ओटीपी लावतो. रूमकडे मोबाइल नसतो, म्हणून ते खाते नुसत्या पासवर्डवर चालते आणि तो पासवर्ड कधीच बदलत नाही. टीम्सच्या रूम खात्याला ओटीपीऐवजी 'फक्त आपल्या ऑफिसच्या आयपीवरून आणि नोंदणी केलेल्या उपकरणावरूनच लॉगिन' अशी अट घालता येते. आयटीला ती घालायला सांगा. त्या खात्याला ईमेल आणि फाइलींचे जादा अधिकार देऊ नका.

लिंकचा निष्काळजीपणा कोणाकडूनही होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांच्या ट्विटर खात्यावरून बैठकीचा फोटो टाकला गेला. त्यात लॉगिनचा पत्ता आणि पिनचे बहुतेक आकडे दिसत होते. एक डच पत्रकार त्या आधारे थेट युरोपीय संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत हजर झाला. २०२४ मध्ये जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची वेबेक्सवरची चर्चा रशियन माध्यमांनी प्रसिद्ध केली. एक अधिकारी सिंगापूरच्या हॉटेलमधून असुरक्षित जोडणीने सामील झाला होता. खोली कितीही बंदिस्त करा, पलीकडचा माणूस हॉटेलच्या वाय-फायवर असेल तर ती अर्धी उघडीच.

म्हणून ऑनलाइन बैठकीची लॉबी (प्रतीक्षा कक्ष) चालू ठेवा, नाव पाहूनच आत घ्या आणि दिवाळीच्या फराळाचा फोटो टाकतानाही मागच्या पडद्याकडे आणि फळ्याकडे बघा. यादीत 'नोटटेकर' नावाचा एखादा एआय सहायक दिसला, तर तो कोणाचा हे विचारा. उत्तर आले नाही तर काढा. बैठकीचा सगळा मजकूर तो कुठल्या सर्व्हरवर नेतो, हे त्याला बोलावणाऱ्यालाही सहसा माहीत नसते.

अपडेट

तीन महिन्यांतून एक दिवस ठरवा. संचालक मंडळाच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी मात्र अपडेट करू नका. त्याचे कारण ज्यांनी केले आहे त्यांना विचारा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. रूमचा संगणक त्यावर असेल, तर विंडोज ११ वर जाता येते का हे उत्पादकाकडून लेखी घ्या. स्वस्त अँड्रॉइड पॅनेलांना बऱ्याचदा अपडेट येतच नाही. त्यांचे इंटरनेट तोडा आणि एचडीएमआयवर नुसता पडदा म्हणून वापरा, बरीच वर्षे चालतील.

इंटिग्रेटरकडून काय मागायचे

ऑफिसने धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद सहसा मागता येत नाही, कारण व्यापारी कारणासाठी खरेदी करणारा त्या कायद्याच्या व्याख्येत सहसा ग्राहक ठरत नाही. त्यामुळे तुमचे हक्क तेवढेच, जेवढे पर्चेस ऑर्डरवर लिहिलेले असतील. शेवटचा हप्ता देण्याआधी हे मागा:

- सर्व उपकरणांचे ॲडमिन पासवर्ड आणि सेटिंगचा बॅकअप
- कंट्रोल सिस्टिमचा मूळ प्रोग्रॅम. फक्त यंत्रात घातलेली प्रत देऊन मूळ फाइल स्वतःकडे ठेवण्याची पद्धत या धंद्यात आहे. मग इंटिग्रेटर बदलला की सगळे नव्याने लिहून घ्यावे लागते.
- नेटवर्कचा आराखडा आणि उघडलेल्या पोर्टांची यादी
- गंभीर दोष जाहीर झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती करणार
- त्यांचा माणूस नोकरी सोडून गेल्यास कळवण्याची आणि पासवर्ड बदलण्याची जबाबदारी

'सोर्स प्रोग्रॅम आम्ही देत नाही' असे उत्तर आले, तर वाटाघाट ऑर्डरच्या आधी करा. नंतर तुमच्या हातात काही उरत नाही.

काही घडलेच तर

कॅमेरा आपोआप फिरला, अनोळखी कॉल जोडलेला दिसला, पॅनेलवर न टाकलेले ॲप आले, तर घाबरून रीसेट मारू नका. पुरावा पुसला जातो.

1. नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा. वीज शक्यतो चालू ठेवा, कारण काही नोंदी तात्पुरत्या मेमरीत असतात.
2. पडद्याचा वेळेसह फोटो घ्या, कोण खोलीत होते ते लिहून ठेवा.
3. सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांवरचे हल्ले त्यात येतात. टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेलाही वेगळे कळवावे लागते.
4. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवसांच्या नोंदी जपायला आणि यंत्रांची घड्याळे जुळवायला सांगितले आहे. एव्ही उपकरणांची मेमरी छोटी, त्यात नोंदी थोड्याच दिवसांत पुसल्या जातात. त्या दुसऱ्या संगणकावर पाठवण्याचे सेटिंग आधीच करून ठेवा. घड्याळ चुकीचे असेल, तर त्या नोंदींतून काहीच सिद्ध होत नाही.

परवानगीशिवाय तुमच्या यंत्रात शिरणाऱ्याकडून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई मागता येते. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो. नाण्याची दुसरी बाजूही पाहा. रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकांची किंवा कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती असेल आणि तुमच्या ढिलाईमुळे ती फुटली, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सांगण्याची आणि गरज संपल्यावर ते पुसण्याची सवय आत्ताच लावा.

जुने सामान काढताना

भंगारात गेलेल्या संचात वाय-फायचा पासवर्ड, फोनबुक, कॉलची यादी आणि कधीकधी फळ्यावर काढलेली चित्रेही शिल्लक असतात. फॅक्टरी रीसेट करा, मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क काढून घ्या, रूमचे खाते ऑनलाइनही रद्द करा. एक्स्चेंजमध्ये देतानाही हेच. 'आमचा माणूस पुसेल' यावर विसंबू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे मोठ्या संस्थांनी असे सामान नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच द्यायचे आहे. त्यांच्याकडून मिळालेल्या कागदावरचे सिरियल क्रमांक तुमच्या यादीशी जुळवून मगच नोंद खोडा.